सांगलीत डॉक्टरांचा नंबर आणि घरची व्हिजिट: तुम्ही कसं जमवता?

गावभागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आई-बाबा सांगलीत गावभागात. बाबा ८१, आई ७६. गेल्या महिन्यात बाबा मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं, आता घरी आहेत. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातात, जिना मात्र बंद. घर वाड्यातलं, वरच्या मजल्यावर. जिना असा की धडधाकट माणूससुद्धा भिंतीला हात लावून उतरतो.

बीपी-शुगरसाठी गेली तीस वर्षं एकच डॉक्टर. माणूस सोन्यासारखा, तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. तक्रार नंबराबद्दल. सकाळी ९ ला फोनवर नंबर देतात. ९ ला लावला की एंगेज. ९:२० ला लागतो तेव्हा, "सकाळचे चाळीस झाले, संध्याकाळचे ५ ला सांगते." संध्याकाळी पुन्हा तेच. दुसरा मार्ग म्हणजे सकाळी ७ ला जाऊन दाराला टांगलेल्या वहीत नाव लिहायचं. शेजारचा पोरगा दोनदा जाऊन आला, त्याचा क्लास बुडाला.

एवढं करून नंबर मिळाला तरी बाबांना खाली आणायचं कसं? व्हिजिटचं विचारलं तर रिसेप्शनवरच्या ताई म्हणतात, "सर आता व्हिजिटला जात नाहीत." आणि डॉक्टर स्वतः मागे म्हणाले होते, "काही लागलं तर कळवा, येऊन जाईन." कळवायचं कुणाला? ताईंनाच!

म्हणजे ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी सातला उठून पळायचं.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? व्हिजिट कशी ठरवता? फी आधी विचारायची की नंतर? आणि यातलं पुण्यात बसून मला काय करता येईल?

चपलांची_रांग

वही तरी आहे तुमच्याकडं. शंभर फुटी रस्त्याच्या पलीकडं एका दवाखान्यात चपला लावायची पद्धत होती. पहाटे यायचं, पायरीवर चप्पल ठेवायची आणि चहाला जायचं. एकदा माझा अकरावा नंबर कुत्र्यानं पळवला.

भडंगप्रेमी

अकरावा नंबर म्हणजे डावा की उजवा?

चपलांची_रांग

डावा. उजवा तिथंच होता, पण कंपाउंडर म्हणाला जोडी पाहिजे.

विश्रामबागवाली

गावभागकर, माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला होत्या, त्यामुळं यात माझी जवळजवळ पीएचडी झाली आहे. सांगते.

प्रत्येक गोष्टीसाठी डॉक्टर लागत नाहीत, हे कळायला मला वर्ष लागलं. रक्त तपासायचं तर लॅबचा मुलगा सकाळी घरी येऊन घेऊन जातो, उपाशीपोटीचं आणि जेवणानंतरचं असं दोनदाही येतो. लघवीची नळी बदलायला आमच्याकडं सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर यायच्या. ड्रेसिंगला ब्रदर. व्यायामाला फिजिओथेरपिस्ट मुलगी. तुमच्या बाबांना खरी गरज तिचीच आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस पडूनच राहिला तर बाकीचीच दुखणी वाढतात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. तेव्हा डॉक्टरांची व्हिजिट ठेवायची महिन्याला एक, आणि मधलं सगळं या मंडळींवर.

बीपीचं मशीन आणि शुगरचं मशीन घरी घ्या. वहीत तारखेनुसार आकडे लिहायला आईंना सांगा. डॉक्टर आले की वही पुढं ठेवायची. आमचे डॉक्टर वीस मिनिटांचं काम आठ मिनिटांत उरकायचे आणि उरलेल्या बारा मिनिटांत चहा घ्यायचे.

हरभट_रोड

सगळा पैशाचा खेळ आहे. पूर्वीचे डॉक्टर सायकलवरून यायचे, बॅग उघडायचे, गोळ्या पुडीत बांधून द्यायचे. आताच्यांना चाळीस पेशंट सोडून घरी यायला परवडत नाही, एवढंच. सरळ सांगायला काय होतं?

स्टेथो_आणि_स्कूटर

सरळ सांगतो. मी कुपवाड भागात जनरल प्रॅक्टिस करतो, बावीस वर्षं झाली. परवडत नाही हे खरं, पण हिशेब तुम्ही मांडला तसा नाही. ओपीडीत एका पेशंटला पाच-सहा मिनिटं मिळतात. गावभागातली एक व्हिजिट म्हणजे गाडी लावायला जागा शोधणं, घर शोधणं, जिना, तपासणी, "डॉक्टर, आलाच आहात तर हिचाही गुडघा बघा", मग चहा. पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात बाहेर बसलेल्या आठ जणांच्या शिव्या बसतात, आणि त्यात एखादा १०३ ताप असलेला पोरगा असतो. म्हणून मी व्हिजिटा दुपारी दोननंतर किंवा रात्री ओपीडी संपल्यावर ठेवतो. आधी सांगितलं तर नक्की जातो. अकरा वाजता "आत्ता या" म्हटलं तर नाही जाऊ शकत.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही तोंडावर बोलत नाही. रात्री अनोळखी नंबरवरून फोन येतो, "पेशंट सीरियस आहे, लगेच या." जाऊन बघावं तर माणूस तासापूर्वीच गेलेला असतो, दारात वीस जण, आणि सगळे तुमच्याकडं बघत असतात. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, पण कायदा त्या जिन्यात बरोबर नसतो. म्हणून अनोळखी घरी रात्री जाणं मी बंद केलं. जुन्या पेशंटकडं आजही जातो.

सायकलचं म्हणाल तर माझी स्कूटर आहे.

हरभट_रोड

घ्या. स्कूटरवरून येणारे डॉक्टर दाखवा, मी माझा प्रतिसाद मागं घेतो.

कंपाउंडरचा_पुतण्या

@हरभट रोड, पुडीतल्या गोळ्या म्हणालात म्हणून आठवलं. आमचे काका त्या पुड्या बांधायचे. लाल, पिवळी, पांढरी. एका आजींना पिवळी गोळी पडली नाही तर ताप उतरायचाच नाही. एकदा पिवळ्या संपल्या, तर काका म्हणाले, "आज्जी, आज पांढरीतच पिवळीचं औषध घातलंय." उतरला ताप.

तासगावकर_शेतकरी

नंबराचा विषय निघालाय तर आमचंबी ऐका. आमी तासगावच्या फुडनं येतो. पाचला उठून यष्टी धरायची, नऊला सांगलीत. तवर वही भरलेली. आमचा नंबर एकचाळीस. दुपारची गाडी चुकली की दिस गेला, आणि छाटणीच्या टायमाला दिस जाणं परवडत न्हाई. मग खिडकीत जाऊन म्हणायचं, ताई, लांबनं आलोय, तेवढं घ्या की आत.

खणभागची_सून

आणि त्या "लांबनं आलोय"मुळं आम्ही दोन गल्ल्यांवरचे दीड वाजेपर्यंत बसतो! मिरजेत तर विचारू नका. तिथं अर्धी ओपीडी कर्नाटकातून आलेली असते, सगळ्यांना परतीची रेल्वे धरायची असते. मला कानडीत "लांबून आलोय" कसं म्हणायचं ते शिकवा कुणीतरी, मीही म्हणेन.

मिरजकर_जुना

@खणभागची सून, ही गर्दी आजची नाही हो. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय काढलं १८९४ ला, तेव्हापासून लोक रेल्वेनं इथं येतात. मग १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. आमच्या गल्लीत धर्मशाळा, खाणावळी, औषधाची दुकानं सगळं बाहेरगावच्या पेशंटवर चालतं. आम्ही गावातले लोक आजारी पडायचं तर सांगलीला जातो, इथं नंबर लागत नाही.

खणभागची_सून

आणि सांगलीचे मिरजेला! बसमध्ये एकमेकांना हात करत असू आपण.

खिडकीपलीकडची

मी नऊ वर्षं एका दवाखान्यात रिसेप्शनला होते, म्हणून लिहिते. "सर व्हिजिटला जात नाहीत" हे वाक्य आम्हाला शिकवलेलं असतं. रोज दहा जण व्हिजिट मागतात. त्यातले सात जण चालते-फिरते असतात, फक्त थांबायचा कंटाळा. सगळे "अर्जंट" म्हणतात. अर्जंट हा शब्द ऐकून आमच्या कानावरची माशीही उठत नाही.

गावभागकर, फोन करायचा तो ९ ला नाही. ९ ते ९:३० ही नंबरवाल्यांची वेळ. दीड वाजता करा, ओपीडी आवरत असते तेव्हा. आणि असं सांगा: "जुने पेशंट आहेत, केसपेपर अमुक नावाने आहे, खुब्याचं ऑपरेशन झालंय, जिना उतरता येत नाही. आज तातडी नाही, या आठवड्यात सरांना जमेल त्या दिवशी दुपारी चालेल. सरांना चिठ्ठी पाठवाल का?" तातडी नाही म्हणणारा माणूस महिन्यातून एखादा भेटतो, त्याची चिठ्ठी मी स्वतः सरांच्या टेबलावर ठेवायचे. नाव, वय, त्रास, औषधं, पत्ता, खूण, फोन. एवढं असलं की सर लगेच हो म्हणायचे.

आणि ताईंचं नाव विचारून घ्या. नऊ वर्षांत मला नावाने हाक मारणारे पेशंट बोटावर मोजण्याइतके. बाकी सगळे "ओ मॅडम" नाहीतर "ए खिडकी".

भडंगप्रेमी

आणि भडंगाचा अर्धा किलोचा पुडा?

खिडकीपलीकडची

भडंगाने नंबर पुढं सरकत नाही. पण पुडा परतही केला नाही कधी.

कृष्णाकाठी

पुण्यातून काय करता येईल, हा प्रश्न मागं पडला. व्हिडिओ कॉल. २५ मार्च २०२० पासून टेलिमेडिसिनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासलेलं असेल तर पुढचा सल्ला फोनवर घेणं हे फॉलोअप धरलं जातं. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, तो असला की मेडिकलवाला औषध देतो. झोपेच्या काही गोळ्या आणि नशेच्या वर्गातली औषधं मात्र अशी मिळत नाहीत. शिवाय फोनवर भागणार नाही असं वाटलं तर डॉक्टर नाही म्हणू शकतात, तो त्यांचा हक्क आहे. सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन ओपीडीही आहे, फुकट, पण तिथं तुमचे नेहमीचे डॉक्टर भेटतील असं नाही.

माझा अनुभव: आई फोन कानाला लावायची आणि डॉक्टरांना तिचा कानच दिसायचा. "आजी, कान चांगला आहे, आता तोंड दाखवा."

विश्रामबागवाली

हाहाहा! आमच्याकडं तर पंखा दिसायचा. पूर्ण कन्सल्टेशन पंख्याचं.

आयर्विनवरून

जरा अवांतर, पण कामाचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आलं तेव्हा आमच्या डॉक्टरांचा दवाखाना तळमजल्यावर होता. माणसं वेळेत निघाली, कपाट राहिलं. पाणी ओसरल्यावर बघितलं तर पंचवीस वर्षांचे केसपेपर म्हणजे चिखलाच्या विटा झालेल्या. डॉक्टर पायरीवर बसून एकेक सोडवत होते, शाई सगळी पसरलेली. बाबांना पेनिसिलीनची अॅलर्जी असल्याची नोंद त्यातच होती. नशीब, आईला आठवत होतं.

तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येकाची एक वही आहे. चालू औषधं, अॅलर्जी, ऑपरेशनं, शेवटचे रिपोर्ट. वही वरच्या मजल्यावर, आणि तिचे फोटो तिन्ही भावंडांच्या फोनमध्ये. गावभागकर, तुमच्या तर घरापाशीच पाणी येतं. एवढं काम पुण्यात बसून नाही, पुढच्या वेळी आलात की एका दुपारी करून टाका.

स्टेथो_आणि_स्कूटर

+१. वहीतलं पहिलं पान अॅलर्जीचं करा.

आणि एक नीट लक्षात घ्या, व्हिजिट कशासाठी नाही तेही सांगतो. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, दम लागलाय, किंवा तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोबडी वळतेय, तर मला फोन करून माझी वाट बघत बसू नका. १०८ लावा, नाहीतर रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात न्या. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. माझ्या बॅगेत सीटी स्कॅन नसतो. मी येईपर्यंतचा तास तुम्ही पेशंटचा खाता. दोनदा असं झालंय माझ्याकडं, दोन्ही घरं चांगली शिकलेली.

घरी सलाईन लावायचा आग्रहही धरू नका. रिअॅक्शन आली तर घरात काय करणार?

गावभागकर

सगळ्यांचे आभार. खिडकीपलीकडच्या ताई, तुमचं वाक्य मी कागदावर उतरवून घेतलंय, उद्या दीड वाजता वाचून दाखवणार. स्टेथो सर, फीचं राहिलं. आमच्याकडं नेहमी असं होतं: "किती द्यायचे डॉक्टर?" "द्या हो काय ते." मग आई पाकीट देते, डॉक्टर न बघता खिशात घालतात, आणि आई आठवडाभर विचारते, कमी तर दिले नाहीत ना?

स्टेथो_आणि_स्कूटर

"द्या काय ते" हा आम्हीच लावून घेतलेला रोग आहे. रिसेप्शनला आधी विचारा, त्या आकडा सांगतात, त्यांना लाज वाटत नाही. मला वाटते.

माधवनगरची_माहेरवाशीण

विषय थोडा जड आहे, पण कुणीच काढत नाही म्हणून लिहिते. माझी आजी घरीच गेली, पहाटे. वय ९१, सगळ्यांना अंदाज होता. स्मशानभूमीत डॉक्टरांचा दाखला मागितला. घरी मृत्यू झाला तर नमुना ४-अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, लागतो, आणि तो शेवटच्या आजारात ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. कायद्यानुसार त्याला फी नाही. पण आजीला सात महिने कुणी बघितलंच नव्हतं. औषधं मागच्या चिठ्ठीवर आणत होतो. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "मी पाहिलेलंच नाही, कारण काय लिहू?" त्यांचं बरोबर होतं. आम्ही मात्र आजीला दारात ठेवून तीन तास फिरत होतो, सकाळी सातपासून.

म्हातारं माणूस अंथरुणाला असेल तर, काही त्रास नसला तरी, दोन महिन्यांतून एकदा डॉक्टरांना घरी आणाच.

खणभागची_सून

ताई, हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

हरभट_रोड

माझ्या वडिलांच्या वेळी असंच झालं होतं. तेव्हा डॉक्टरांना मी नाही नाही ते बोललो. आता वाटतं, त्यांनी काय लिहायचं होतं? असो.

तासगावकर_शेतकरी

आमच्याकडं आशाताईला सगळं म्हाईत असतंय, कोण पडून हाय, कोण आजारी. ती आरोग्य केंद्रात सांगती. शहरात कोण सांगतंय? शेजाऱ्याला शेजारी म्हाईत न्हाई.

भडंगप्रेमी

शेजारचा पोरगा आहे की, सातला वही लिहिणारा.

गावभागकर

अपडेट, दहा दिवसांनी.

दीड वाजता फोन केला. पहिल्या रिंगला उचलला! ताईंचं नाव विचारलं तर दोन सेकंद शांतता, मग सांगितलं. कागदावरचं वाक्य वाचलं. "तातडी नाही" म्हटल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "नाही ना नक्की?" तिसऱ्या दिवशी सव्वादोनला डॉक्टर वाड्यात हजर. स्कूटर नाही, चारचाकी, ती मारुती रोडला लावून चालत आले. शेजारचा पोरगा कोपऱ्यावर उभा होता, त्यामुळं घर शोधावं लागलं नाही.

आईने आकड्यांची वही पुढं केली. बीपीची एक गोळी कमी झाली, कारण सकाळचे आकडे खालीच होते आणि बाबांना उठताना चक्कर यायची. म्हणजे मोरीत घसरले तेही त्यामुळंच असेल की काय, असं डॉक्टर म्हणाले. महिनाभर आम्ही मोरीच्या फरशीला शिव्या देत होतो. फिजिओ मुलगी सोमवारपासून येते आहे. बाबा तिला "मास्तरीण" म्हणतात आणि ती गेल्यावर झोपून घेतात.

फी ताईंनी फोनवरच सांगितली होती, आईने मोजून दिली, आठवडाभराचा घोर वाचला. पुढची व्हिजिट दीड महिन्यानं, ताईंनी डायरीत लिहून ठेवली आहे.

शेजारच्या पोराला आता वहीत नाव लिहायला जायची गरज नाही म्हणून सांगितलं, तर जरा हिरमुसला. दवाखान्यासमोरच्या गाड्यावर आई त्याला पोहे खायला पैसे द्यायची म्हणे.

चपलांची_रांग

कुठला गाडा? सातला उघडतो का?